त्रेचाळीस दारं

मास्तरीण शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झाली त्याला चार वर्षं झाली होती, पण हातातला खडू काही सुटला नव्हता. महिला मंडळाची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. खाली मशीन चालू असली की वरची फरशी तळपायांना गुदगुल्या करायची. त्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी अडीच ते चार ती मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. बायका सगळ्या एकाच ठिकाणच्या. इस्पितळाच्या मागे जी लाँड्री होती, तिथे चादरी धुणाऱ्या, पिळणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या. सकाळी सहाला पाळी सुरू, दोनला सुट्टी. राहायच्याही लाँड्रीच्या पाठच्या गल्लीतच. हातांना सोड्याचा वास, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. पहिल्या महिन्यात त्या बोटांना पेन्सिल धरवत नव्हती. आता वर्ष झालं होतं आणि बहुतेक जणी आपलं नाव लिहीत होत्या, दुकानांच्या पाट्या वाचत होत्या.

वर्षाची परीक्षा म्हणून मास्तरणीने एक युक्ती काढली. वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात मतदारांची कच्ची यादी लागली होती. कुणाची हरकत असेल तर शुक्रवारी पाचपर्यंत नोंदवायची, असं खाली लिहिलेलं होतं. ती मंगळवारी सगळ्या वर्गाला तिकडेच घेऊन गेली. म्हणाली, "प्रत्येकीने आपलं नाव शोधायचं. मी सांगणार नाही. सापडलं की त्यावर बोट ठेवायचं."

बायका भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे बघत होते, पण त्यांना कशाचं भान नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकीचंही बोट कुठे थांबेना.

त्यांच्यात एक इस्त्रीवाली होती. वर्गात सगळ्यांत उशिरा आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली, अशी. ती मागे वळली. तिचा चेहरा पडला होता.

"बाई, मला अजून वाचता येत नाही वाटतं."

"येतं तुला. नीट बघ."

"तीनदा बघितलं. आमच्या गल्लीचा नंबर आहे. घरांचे आकडे मध्येच तुटलेत."

मास्तरणीने चष्मा लावला. खरंच, घर क्रमांक अकरानंतर एकदम पंचावन्न होता. तेवढ्यात इस्त्रीवाली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक वेगळा कागद चिकटवलेला होता. तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि तिचा आवाज फुलला.

"सापडलं! बाई, हे बघा, मी इथे आहे. ही पण आहे, ती पण आहे. आम्ही सगळ्या इथे आहोत."

मास्तरीण जवळ गेली. वरचं शीर्षक तिने वाचलं. मग इस्त्रीवालीनेच एकेक अक्षर सोडवायला घेतलं. "व... ग... ळ... वगळ-ले-ली. वगळलेली नावं." ती थांबली. "म्हणजे काय हो बाई?"

म्हणजे काय ते मास्तरणीने सांगितलं. त्रेचाळीस घरांतली नावं. प्रत्येकापुढे एकच कारण: दुसरीकडे राहायला गेले.

"आम्ही कुठं गेलो?" एक चादरवाली म्हणाली. "मी तर इस्पितळाच्या पलीकडेसुद्धा कधी गेले नाही."

दोघी-तिघी हसल्या. इस्त्रीवाली हसली नाही.

*

मंडळाच्या अध्यक्षा नर्सबाई होत्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्यांच्यापुढे डॉक्टरही खुर्ची सोडून उभे राहत. बातमी कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. अर्ज लिहिला, ऑफिसात जाऊन बसल्या आणि "मिळाल्याशिवाय उठत नाही" म्हणाल्या. गुरुवारी दुपारी त्या घरभेटीच्या अहवालांच्या नकला घेऊनच मंडळाचा जिना चढल्या. कागदांचा गठ्ठा त्यांनी मास्तरणीपुढे टाकला.

"वाच. मला तर सगळे एकाच छापाचे वाटतात. सही म्हणजे नुसता गुंता आहे, नाव लिहिलेलंच नाही. तुझा जन्म अक्षरं तपासण्यात गेलाय, तुला काही दिसतं का बघ."

मास्तरणीने पहिला कागद उचलला. 'घर बंद आढळले. सदर मतदार स्थलांतरीत झाल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.' खाली शेजाऱ्याच्या सहीच्या जागी निळा अंगठा.

पहिल्या ओळीवरच तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

लिहिणाऱ्याने शिरोरेघ आधी मारली होती. अख्ख्या ओळीभर एक लांब रेघ, आणि मग तिला खाली अक्षरं लटकवलेली. काही अक्षरं तर रेघेपर्यंत पोचलीच नव्हती, वाळत घातलेल्या कपड्याचा चिमटा सुटावा तशी लोंबत होती. एकच पोर असं लिहायचं. तिने त्याची ही खोड मोडायला दोन वर्षं घातली होती. 'आधी अक्षर, मग रेघ' असं सांगून सांगून घसा कोरडा केला होता. आणि 'स्थलांतरीत'मधली ती दीर्घ वेलांटी! ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं सात जन्मांचं वैर.

तो तिचा दीर होता. धाकटा. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, सासू आजारी, सासरे नाहीत. न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं तिने केलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, पण त्याची खंत तिने कधी केली नाही, कारण धाकटा होता. आणि धाकट्याला वर्षापूर्वी वॉर्ड ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता.

"दिसलं काही?" नर्सबाईंनी विचारलं.

"एकाच माणसाने लिहिलेत," ती म्हणाली.

"ते मलाही कळतंय. कोणाचं अक्षर, ते कळतं का?"

मास्तरणीने कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला, कडा जुळवल्या. "सांगते उद्या. घरी नेऊन बघते."

आयुष्यात तिने नर्सबाईंशी पहिल्यांदाच लपवाछपवी केली होती, आणि ती तिला धड जमलीही नव्हती. नर्सबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"उद्या अकराला सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "नियम असा आहे, की प्रत्येकीने स्वतः पुरावा घेऊन पाचच्या आत ऑफिसात यायचं. लाँड्रीचा मॅनेजर म्हणतो, पाळी सोडून गेलात तर परत येऊ नका. दोननंतर निघाल्या तरी त्रेचाळीस जणींची रांग एका खिडकीवर पाचपर्यंत संपत नाही. अंगठा तपासायला पाठवला तर महिना जाईल. म्हणजे एकच वाट राहते. अहवाल खोटा आहे हे उद्या सिद्ध झालं पाहिजे."

*

घर दोन मजली. खाली मास्तरीण आणि तिचा नवरा, वर धाकटा आणि त्याची बायको. जेवण मात्र खाली, एकत्र. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, बोलणं मोजकं.

धाकटा ऑफिसातून आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. मास्तरणीने ताट वाढलं आणि ताटाशेजारी पहिला कागद ठेवला.

त्याने एक नजर टाकली. घास हातातच राहिला.

"हे कुठून आलं तुझ्याकडे?"

"हे तुझं आहे का, तेवढं सांग."

"असं अक्षर कुणाचंही असू शकतं, वहिनी."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. दुसऱ्या कुणाशी बोल."

धाकट्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढून खिशात ठेवलं. शेवटी धाकट्यानेच ताट बाजूला सारलं.

"नऊशे घरं दिली होती मला. पंधरा दिवसांत नऊशे. पायाला फोड आले. त्या गल्लीत दोनदा गेलो, दोन्ही वेळा सगळ्या दारांना कुलपं. हेडक्लार्क म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत कागद टेबलावर पाहिजेत, नाहीतर तुमच्या फाइलवर काय लिहायचं ते मी बघतो. मग टपरीवर बसलो आणि लिहून टाकले."

"कोणी सांगितलं होतं? कुठल्या उमेदवाराने?"

"कोणी नाही. देवाशपथ, कोणी नाही. नुसतं कंटाळून उरकून टाकलं."

"आणि अंगठा?"

तो खाली बघत राहिला. "माझाच."

मास्तरणीला राग आला तो इथे. आतापर्यंत तिला नुसती भीती वाटत होती. "तुला ठाऊक होतं मी तिथल्या बायकांना शिकवते. मंडळाच्या जिन्यावरून खाली येताना तू त्यांना बघितलंयस. त्यांना सही येते."

"तेव्हा डोक्यात आलं नाही, वहिनी. त्या गल्लीत अंगठाच असणार, असं वाटलं."

"उद्या अकराला सुनावणी आहे. तू स्वतः उठून सांग. चूक झाली म्हण."

"घरी बसवतील मला. पुढच्या महिन्यात कायम होतोय, आणि हिला..." त्याने बायकोकडे पाहिलं. तिला पाचवा महिना होता. "कुठली गल्ली कुणाकडे होती याची ऑफिसात नोंद नाही. तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणार नाही. त्या बायका पुढच्या खेपेला नाव घालतील की. एका मतदानाने काय आभाळ कोसळतं?"

"पुढच्या खेपेला कुणी तरी त्यांना पुन्हा 'गेल्या' म्हणून लिहील."

"म्हणजे तू बोलणार?"

"तू बोल. नाही बोललास तर मी बोलेन."

तो उठला आणि जिना चढून वर गेला. त्याच्या बायकोने तांब्या होता तिथेच खाली ठेवला. म्हणाली, "ताई, तुम्ही आई ना त्यांच्या?" आणि उत्तराची वाट न बघता तीही वर गेली.

नवरा आपलं जेवण संपवत होता. मास्तरणीने त्याच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही काहीच बोलत नाही."

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मला विचारलंस तर मी भाऊच म्हणणार. म्हणून विचारू नकोस."

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हता. तिने धाकट्याचं भरलेलं ताट उचललं, झाकून ठेवलं.

*

शुक्रवारी अकराला ऑफिसातल्या लांब खोलीत पंखे फिरत होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक टेबलावर दगड ठेवलेले होते. मोठ्या टेबलामागे साहेब. पन्नाशीचा माणूस, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणारा. कपाटाजवळ फायली काढून द्यायला धाकटा उभा. सकाळी तो तिच्याआधीच घरातून निघाला होता. तो आता तिच्याकडे बघत नव्हता.

मॅनेजरची धमकी डोक्यावर असूनही सहा जणी पाळी सोडून आल्या होत्या. इस्त्रीवाली त्यांत पुढे. नर्सबाई उभ्या राहून बोलल्या, मुद्द्याला धरून. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"या सहा जणी हजर आहेत, त्यांचं बघू," ते म्हणाले. "बाकीच्यांची हरकत मला कशी ऐकता येईल? ज्याचं नाव, त्याने यायचं."

"त्या कामावर आहेत. तुमचा माणूस गेला, तेव्हाही कामावरच होत्या. गेला असेल तर."

"अहवालात घरभेटीची नोंद आहे."

"अहवाल खोटा आहे."

"सिद्ध करा," साहेब शांतपणे म्हणाले. "नाहीतर मी पुढची फाइल घेतो."

नर्सबाईंनी मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने कपाटाकडे पाहिलं. धाकटा एक फाइल छातीशी धरून उभा होता. तिने मनात दहा आकडे मोजले. शाळेत खोडी करणारं पोर आपणहून उठून उभं राहावं म्हणून ती असेच आकडे मोजायची. बहुतेक वेळा आठावर पोर उठायचं. आठ झाले. नऊ झाले. दहा झाले.

"मला हे अक्षर माहीत आहे," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. "मीच शिकवलंय."

"कोणाचं आहे?"

"माझ्या दिराचं. शेजाऱ्याचा म्हणून लावलेला अंगठाही त्यांचाच. ते तिथे उभे आहेत." ती त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'ते' म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना कपाटाकडे वळल्या. साहेबांनी त्याला जवळ बोलावलं. "हे तुम्ही लिहिलंय?"

"नाही साहेब," धाकटा म्हणाला. "सही माझी नाही. वहिनींचा काही तरी गैरसमज होतोय."

साहेबांनी एक कोरा कागद टेबलावर सरकवला, पेन ठेवलं. "बसा. बाई, तुम्ही सांगा, हे लिहितील."

मास्तरणीने अहवालातलं वाक्य उच्चारलं. किती वर्षं याच पोराला ती संध्याकाळी शुद्धलेखन घालत आली होती. शब्द तोडून, प्रत्येकाला पुरेसा वेळ देऊन. तसंच झालं. "सदर मतदार... स्थलांतरित... झाल्याचे..."

धाकटा लिहीत होता. अक्षरं मुद्दाम डावीकडे झुकवलेली, एकमेकांत अडकवलेली. त्याची पाठ टेबलावर वाकली होती आणि नाक कागदाला टेकायच्या बेतात आलं होतं.

"ताठ बस," मास्तरीण म्हणाली.

तिला बोलायचं नव्हतं. सवयीने निघून गेलं. कुणी हसलं नाही. धाकट्याचा हात थांबला. त्याने त्या वाकड्या ओळीवर काट मारली. पाठ सरळ केली. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली, आणि तिला खाली एकेक अक्षर लटकवत गेला.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. दोन्हींत 'स्थलांतरीत' दीर्घ होतं.

"अंगठा?"

"माझाच, साहेब."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आवाज तेवढाच शांत होता. "पाच वाजता यादी बंद होते. तुम्ही नवे अर्ज घेऊन या त्रेचाळीस घरांत जाल. आज. प्रत्येक दारात स्वतः उभे राहाल. मंडळाची एक बाई साक्षीला बरोबर. पाचच्या आत कागद इथे आले तर नावं लागतील. एक मिनिट उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही. तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू."

"साक्षीला मी जाते," नर्सबाई म्हणाल्या.

"नाही," मास्तरीण म्हणाली. "मी जाईन."

*

दोनला भोंगा झाला आणि बायका लाँड्रीतून बाहेर पडल्या. इस्त्रीवालीने गल्लीत आधीच निरोप फिरवला होता: दार उघडं ठेवा, पुरावा हाताशी ठेवा. धाकटा पुढे, काखेत फाइल. मास्तरीण दोन पावलं मागे.

घर क्रमांक बारा. धाकट्याने दार वाजवलं. उघडंच होतं, तरी वाजवलं.

"आपण इथे राहता का?"

"राहते," आतली बाई म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मला शंकाच आली होती."

शेजारपाजारच्या हसल्या. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने नाव लिहिलं, पुरावा पाहिला, सहीसाठी कागद पुढे केला. बाईने पेन मुठीत आवळलं आणि सुरुवात केली. एक काना, एक मात्रा, मग थांबून पुन्हा बघणं. मास्तरणीला एरवी ते बघायला किती आवडायचं. आज तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. एका सहीला तीन मिनिटं लागली तर त्रेचाळीसला किती, हा हिशेब पाचवीतल्या पोरालाही जमला असता.

विसाव्या घरापर्यंत साडेतीन वाजले. मास्तरीण आता पुढच्या दारात आधीच जाऊन उभी राहायची, कागदपत्रं काढायला लावायची. एका घरी म्हातारी झोपली होती, तिला उठवावं लागलं. एका घरी किल्ली हरवलेली पेटी. इस्त्रीवालीने ती उलथण्याने उघडली. तिचं स्वतःचं घर एकतिसावं होतं. तिने धाकट्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि सही करताना त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दादा, त्या दिवशी तुम्ही लाँड्रीच्या फाटकाशी येऊन विचारलं असतंत, तरी आम्ही सगळ्या तिथेच होतो. पन्नास पावलांवर."

धाकटा पाणी प्यायला. "हो," म्हणाला.

चाळिसावं घर बंद होतं. खरंच बंद, खिडकीतून आत बघितलं तर नुसती जमीन. शेजारीण म्हणाली, "ते मागच्याच महिन्यात गेले, मुलीकडे." त्रेचाळीस अहवालांतला एक खरा निघाला होता. धाकट्याने तसं लिहिलं आणि शेजारणीची सही घेतली.

शेवटच्या दोन घरांपर्यंत येईतो साडेचार वाजून गेले होते. बेचाळिसाव्या घरातली बाई वर्गातली सगळ्यांत कच्ची. सोड्याने बोटांना भेगा पडलेल्या, त्यांवर चिंध्या बांधलेल्या. तिने पेन घेतलं, पहिलं अक्षर काढलं, पेन निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरणीने घड्याळ बघितलं. चार चाळीस. ऑफिसला झपझप चाललं तरी दहा मिनिटं. "अंगठा दे," ती म्हणाली. "राहू दे आज. अंगठा चालतो."

आपण काय बोललो हे तिला त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसलं. ती बाई मान खाली घालून शाईच्या डबीकडे हात नेत होती. तेवढ्यात धाकट्याने डबीचं झाकण लावलं.

"सही करा," तो म्हणाला. "मी थांबतो. शेवटचं घर वहिनी तयार करून ठेवतील, मी पळत जाईन."

मास्तरीण शेवटच्या घराकडे गेली. मागून तिला ऐकू येत होतं, तो हळू आवाजात सांगत होता, "हां, आता काना... तसंच... घाई नाही."

घाई होती. शेवटची सही झाली तेव्हा चार पन्नास झाले होते. धाकट्याने फाइल काखेत मारली आणि तो गल्लीतून खरोखरच पळत सुटला, ऑफिसच्या पँट-शर्टात, चपला फटफटत. मास्तरणीच्या गुडघ्यांना पळणं जमण्यातलं नव्हतं. ती इस्त्रीवालीच्या हाताला धरून जमेल तशी चालत राहिली. ऑफिसच्या पायऱ्यांशी पोचली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती आणि शिपाई दार ओढून घेत होता. नर्सबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात पोच होती, त्यावर शिक्का आणि वेळ: चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

"लागली," त्या म्हणाल्या. "बेचाळीसच्या बेचाळीस."

इस्त्रीवाली पायरीवर बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. मास्तरणीने इकडेतिकडे पाहिलं. धाकटा मागच्या दाराने निघून गेला होता.

*

सोमवारी त्याला नोकरीवरून कमी केलं. साहेबांनी निदान पोलिसांत दिलं नाही, आणि ते का दिलं नाही हे कुणालाच नीट कळलं नाही. महिन्याभराने त्याला एका मालगोदामात काम मिळालं, पगार पूर्वीपेक्षा कमी. वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली गेली. नवरा रोज संध्याकाळी वर जाऊन भावाजवळ बसायचा, खाली आल्यावर एवढंच सांगायचा, "बरा आहे." मास्तरणीला दोष त्याने कधी दिला नाही, आणि तू बरोबर केलंस असंही कधी म्हणाला नाही.

लाँड्रीच्या मॅनेजरने त्या सहा जणींना कामावर घ्यायला नकार दिला, तेव्हा नर्सबाई इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सहाही जणी कामावर होत्या. मंडळाने मास्तरणीचा सत्कार ठरवला. तिने सांगितलं, "सत्कार केलात तर मी येणार नाही, आणि वर्गही घेणार नाही." मग तो विषय निघाला नाही.

मतदानाच्या दिवशी मंडळाच्या बायकांनी शाळेच्या फाटकाबाहेर टेबल मांडलं होतं. दोननंतर लाँड्रीची गल्ली एकत्रच आली. इस्त्रीवाली धुतलेली साडी नेसून रांगेत उभी होती. पुढच्या माणसाला म्हणत होती, "जरा सरका, मला पाटी वाचू द्या." मास्तरीण टेबलापाशी बसून चिठ्ठ्या देत होती. दिवसभरात तिने तीनदा मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. धाकटा आला, मत देऊन गेला. टेबलाकडे वळला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाकट्याची बायको बसली होती. मांडीवर अडीच महिन्यांची मुलगी. नाव ठेवण्याच्या दिवशीही मास्तरणीला वर बोलावणं आलं नव्हतं. तिने मुलगी पाहिली होती ती नवऱ्याच्या खांद्यावरून, लांबून.

"ताई, वर या," जाऊ म्हणाली. "हिला घ्या जरा. मला भात टाकायचाय."

"त्याने सांगितलं का?"

खोटं बोलावं की काय, असा विचार जावेच्या चेहऱ्यावरून जाताना दिसला.

"नाही. पण मी तुम्हाला बोलावते म्हटलं, तेव्हा ते नको म्हणाले नाहीत."

मास्तरणीने चपला काढल्या, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली.